महाराजांच्या जांभईचा टाइमकोड

एका जंगलात, बाळांनो, घड्याळं उदंड होती, पण वेळ एकच होती. ती महाराजांची.

म्हणजे कशी? सांगतो. सिंहमहाराज आता थकले होते. भर दरबारात त्यांचा डोळा लागे. पण राजाला झोप लागली असं म्हणायची सोय नव्हती, म्हणून ते चिंतन करतात असं ठरलं. चिंतनातून महाराजांनी डोळे उघडले की प्रधान कोल्होबा ओरडत, "उजाडलं!" मग सगळं जंगल आपापलं घड्याळ शून्यावर आणी. दुपारी चारला उजाडे. पाचला पुन्हा उजाडे. कोणाची काही तक्रार नव्हती.

त्याच जंगलात नदीकाठच्या बाभळीवर गेनूनाना राहत. नाना म्हणजे सुगरण पक्षी. सुगरण म्हणजे बाई, असं तुम्हाला वाटेल. नाही हो. घरटं विणतो तो नर, नाव होतं बायकोचं. नानांनी त्यावरून कधी वाद घातला नाही. त्यांच्या चोचीला जोडकाम असं साधलं होतं, की जंगलातली प्रत्येक फिल्म एडिटिंगला त्यांच्याच कॉम्प्युटरवर येई.

राज्याला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा महाराजांच्या भाषणाची फिल्म काढायचं ठरलं. तीन कॅमेरे. झाडावरून वानर, प्रजेच्या मागून सांबर, खालून कासव. आवाज घ्यायला ससा, कारण कान त्याचे.

नानांनी चौघांना बसवून समजावलं. "चित्राखाली आकडे पळतात ना, तास, मिनिट, सेकंद? तो टाइमकोड. सगळ्यांनी तो एकदाच एकसारखा लावा आणि मग बोटसुद्धा लावू नका. आणि आरंभी एक फळी वाजवा. चित्रात फळी मिटलेली दिसेल, आवाजात ठक् ऐकू येईल. दोन्ही जुळलं की सिंक झालं."

"महाराजांच्या नाकासमोर ठक्?" कोल्होबांनी विचारलं.

"हो."

"फळी मिटू द्या. पण आवाज न करता."

प्रधानांपुढे शहाणपण चालत नाही.

भाषण झालं. महाराज बोलत असताना प्रजेनं मान खाली घालायची, अशी तिथली रीत. त्यामुळे भाषण सगळ्यांनी ऐकलं, पाहिलं कोणीच नाही. भाषणाच्या मध्यावर आवाज आला, "नदीकाठच्या बाभळी तोडा! तिथे प्रेक्षागृह बांधा!" टाळ्यांचा कडकडाट झाला. कोल्होबांच्या मेहुण्याची लाकडाची वखार होती. तो उभा राहून टाळ्या वाजवत होता.

एक टिटवीकाकू तेवढी किंचाळली, "बाभळी तोडू नका!" तिला लगेच गप्प बसवलं.

फिल्म दरबारात दाखवली की दुसऱ्या दिवशी बाभळी पाडायला हत्ती येणार, असं ठरलं. फिल्मला मुदत अकरा दिवसांची.

"अहो," नानांची बायको म्हणाली, "पिल्लांना पंख फुटायला अजून वीस दिवस आहेत. बेचाळीस घरटी आहेत या झाडावर."

"माहीत आहे गं. विणली कोणी?"

पण नानांना हातचं काम टाकवेना. त्यांनी क्लिप उघडल्या आणि कपाळावर पंख मारून घेतला. भाषणात महाराजांनी सात वेळा चिंतन केलं होतं. वानर राजनिष्ठ. त्यानं सातही वेळा टाइमकोड शून्यावर आणला होता. सांबराला "उजाडलं" तीनदाच ऐकू आलं. कासवानं पहिल्या उजाडण्याला बटणाकडे पाय न्यायला सुरुवात केली, तो पोचेपर्यंत भाषण संपलं. सशाच्या कानांवर हेडफोन होता, त्यामुळे त्यानं काहीच बदललं नाही. त्याचा टाइमकोड सलग होता. त्याबद्दल त्याला कारणे दाखवा नोटीस आली होती.

आता एका चित्राचा दुसऱ्याशी मेळ नाही आणि आवाजाचा कोणाशीच नाही. फळी होती, पण ती मुकी. नाना आठ दिवस क्लिपा मागेपुढे सरकवत बसले. दाणा गोड लागेना.

नवव्या दिवशी त्यांना महाराजांच्या मागच्या सागावर काहीतरी हलताना दिसलं. सुतारपक्षी! धोंडू सुतार भाषणभर आपलं भोक पाडत होता. तिन्ही कॅमेऱ्यांत त्याची चोच दिसत होती आणि सशाच्या आवाजात ठक्, ठकठक्, ठक् ऐकू येत होतं. एक फळी मागितली होती, इथे तीनशे मिळाल्या.

नाना उडत धोंडूकडे गेले. "तू भाषण चालू असताना काम करत होतास?"

"मग काय करू?" धोंडू म्हणाला. "भाषणानं घर होतं का?"

नानांनी ठक् ला ठक् जुळवलं. तिन्ही चित्रं आणि आवाज एका रेषेत आले. मग त्यांनी फिल्म लावली, आणि चोच उघडी ती उघडीच राहिली.

"बाभळी तोडा!" या शब्दांवर महाराज चिंतनात होते. डोळे मिटलेले, तोंड मिटलेलं. कासवाच्या चित्रात, महाराज बसले होते त्या शिळेमागे, कोल्होबांचं तोंड मात्र हलत होतं.

नानांना रडू आलं. "अगं ए, झाड वाचलं!" ते बायकोला म्हणाले. "हुकूम महाराजांचा नव्हताच!"

अकराव्या दिवशी दरबार भरला. फिल्म सुरू झाली. "बाभळी तोडा!" आलं आणि सगळ्यांनी पडद्यावर झोपलेले महाराज पाहिले.

"सिंक गेलं आहे," कोल्होबा शांतपणे म्हणाले.

"नाही प्रधानजी," नाना म्हणाले. "तोंड तुमचं हलतंय."

"मी महाराजांचे शब्द मनात घोळवत होतो."

नानांनी महाराजांकडे पाहिलं. आता महाराजांनी एवढंच म्हणायचं होतं, की हा हुकूम माझा नाही. पण तसं म्हणायचं, तर मी झोपलो होतो असंही म्हणावं लागलं असतं.

महाराज खाकरले. "आम्हाला चांगलं आठवतं," ते म्हणाले. "आम्ही बोललो होतो. तोंड उघडून बोललो होतो. सिंकच गेलं आहे."

कोल्होबांनी पडद्यावर बोट ठेवलं. चिंतनाच्या आधी महाराजांनी एक प्रचंड जांभई दिली होती. "हे पाहा उघडं तोंड. या तोंडावर जो आवाज बसेल, तो महाराजांचा हुकूम. बसवा. संध्याकाळपर्यंत वेळ आहे."

"जो बसेल तो?" नानांनी विचारलं.

"जो बसेल तो," महाराज म्हणाले. त्यांना चिंतन येत होतं.

नाना बाभळीवर गेले आणि आवाजाची पट्टी पुढे पुढे सरकवत राहिले. आयुष्यात त्यांनी एकही फ्रेम खोटी बसवली नव्हती. घरट्यातून पिल्लं चिवचिवत होती. पंख अजून नुसत्या काड्या होत्या.

संध्याकाळी पुन्हा दरबार भरला. पडद्यावर महाराजांनी तोंड उघडलं, आणि त्यातून टिटवीकाकूंच्या चिरक्या आवाजात शब्द बाहेर पडले, "बाभळी तोडू नका!"

कोल्होबांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. सकाळचा त्यांचा शब्द सगळ्यांनी ऐकला होता.

महाराजांनी स्वतःला पुन्हा एकदा पाहिलं. तोंड कसं छान उघडं होतं. डोळेही उघडे होते. "असंच म्हणालो होतो आम्ही," ते म्हणाले. "त्या दिवशी आमचा घसा बसला होता."

टाळ्यांचा कडकडाट झाला. हत्तींचं येणं रद्द झालं. नानांना 'सिंकभूषण' ही पदवी मिळाली.

मग कोल्होबा उठले. पहिल्या फिल्ममध्ये एवढा घोळ झाला कशामुळे, याची चौकशी त्यांनी तिथल्या तिथे केली. भाषणात कोणीतरी ठकठक करत होतं, असं निष्पन्न झालं. धोंडू सुताराला सूर्यास्ताच्या आत जंगलाबाहेर जायचा हुकूम झाला.

"नाना, तुम्ही सांगा ना," धोंडू म्हणाला. "माझ्याच ठोक्यांवर तुम्ही जुळवलंत ना सगळं?"

नानांच्या गळ्यात नवी पदवी होती आणि झाडावर बेचाळीस घरटी होती. त्यांनी मान खाली घातली. महाराज काहीच बोलत नव्हते, तरी.

तात्पर्य: मुलांनो, नेहमी खरं बोलावं. जमल्यास मोठ्यांच्या जांभईतून बोलावं, म्हणजे झाड वाचतं. आणि वाचलेल्या झाडावर बसून, गेलेल्या सुताराची चौकशी करू नये. पिल्लांची झोपमोड होते.