अभोजी पाहुण्यांसाठी बाक

करडा पट्टा मनगटाला टोचत नाही.

डायनासोरच्या पोटात बेचाळीस टेबलं मावतात.

ऑक्टोपसच्या आठ हातांपैकी सहा कापसाचे असतात.

रिकामा रकाना म्हणजे नामंजूर.

“माझं काय, मला कुठेही चालेल.”

यातलं शेवटचं वाक्य तपासनीसाच्या आईचं. ते तिने सत्तर दिवसांपूर्वी उच्चारलं आणि प्रकरणाला तिथून सुरुवात झाली.

तपासनीस विमा कंपनीत लोकांचे दावे तपासत असे. अर्जात एखादा रकाना रिकामा सापडला की त्याला जरा बरं वाटायचं. त्यामुळे सुट्टीत कुटुंबाला करमणूक उद्यानाच्या हॉटेलात न्यायचं ठरलं, तेव्हा कुठे जेवायचं याचा अर्ज भरायचं काम आपसूक त्याच्याकडे आलं. हॉटेलात उपाहारगृहं नऊ होती. चाच्यांचं जहाज, चंद्रावरची खानावळ, बर्फाची गुहा, असं बरंच. भूक मात्र सत्तर दिवस आधी नोंदवावी लागे. तपासनीसाने लोकांचे चारशे अभिप्राय वाचले, तक्ता केला आणि चव सोडून बाकी सगळ्याला गुण दिले.

“जेवायला जायचंय की प्रवेश परीक्षेला?” बायको म्हणाली.

“नियोजन नको? ऐनवेळी भूक लागली तर काय करशील?”

थोरलीने आणि धाकट्याने डायनासोरच्या पोटाला मत दिलं. तिथे जबडा उघडतो, आपण आत जातो आणि गिळल्याचा आवाज येतो. बायकोने “एकदाचं काहीतरी ठरवा” असं मत दिलं. ते डायनासोरच्या बाजूने धरण्यात आलं. मग आईला विचारलं.

“माझं काय, मला कुठेही चालेल,” आई भांडी पुसत म्हणाली. “मला कुठे भूक असते? तुम्ही जेवलात की माझं पोट भरतं.”

अर्जात प्रत्येक व्यक्तीपुढे तीन पर्याय होते: पूर्णभोजी, अल्पभोजी, अभोजी. तपासनीसाने आईपुढे तिसऱ्यावर खूण केली. आधाराशिवाय नाही. त्याच्या आठवणीत ती हेच विधान तीस वर्षं, दिवसातून दोनदा, एका शब्दाचाही फरक न करता करत आली होती. इतका सुसंगत जबाब त्याला अख्ख्या नोकरीत मिळाला नव्हता.

*

हॉटेलात पोचल्यावर पाचही जणांच्या मनगटांना पट्टे बांधले गेले. चार हिरवे, एक करडा. आईने पहाटे उठून केलेला डबा गाडीतच संपला होता. सगळ्यांना वाढून झाल्यावर तिच्या वाट्याला झाकण पुसायचं काम आलं होतं.

दुपारी एक वाजता डायनासोरने चौघांना गिळलं. पाचवीपाशी त्याने जबडा मिटला.

“या अभोजी आहेत,” दारावरचं अंडं अदबीने म्हणालं. अंड्याला खालून दोन पाय होते आणि पायांत इस्त्रीची पँट. “यांच्यासाठी वेगळी सोय आहे.”

सोय म्हणजे काचेबाहेरचा लांबलचक बाक. वर पाटी: ‘आपली माणसे जेवताना पाहून येथे पोट भरावे.’ बाक जवळजवळ भरलेला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या आया.

“या हो, सरकते मी,” टोकाची बाई म्हणाली. “तुम्ही काय म्हणाला होतात?”

“कुठेही चालेल.”

“मी म्हटलं, उरलं तर बघू.”

तेवढ्यात आईच्या पोटातून आवाज आला. पट्टा लाल होऊन लुकलुकू लागला आणि आत तपासनीसाच्या टेबलावर सूचना उमटली: ‘आपल्या कुटुंबात अनधिकृत भूक आढळली आहे.’ तो स्वतःचं ताट घेऊन बाहेर धावला.

“थांबा,” अंडं म्हणालं. “हिरव्याचं करड्याला देणं म्हणजे भोजन-हस्तांतर. ताट इकडे द्या, पुरावा म्हणून जमा होईल. त्यापेक्षा तुम्ही ‘उरलंसुरलं’ योजनेत का नाही बसत? घरच्यांचं झाल्यावर त्यांच्या ताटात जे राहील, ते यांना मिळतं.”

तपासनीस उलट्या पावली आत पळाला. पण काचेपलीकडे धाकटा चाटूनपुसून लख्ख केलेलं ताट दोन्ही हातांनी उंच धरून उभा होता.

“आजी, बघ! एक कण नाही टाकला! ताईनं पण नाही! आईनं पण नाही!”

ही शिस्त त्याला आजीनेच लावली होती.

“गुणाचं गं माझं बाळ,” आई म्हणाली. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून तिने बाकाची कड घट्ट धरली.

*

भूक-दुरुस्ती कक्षात ऑक्टोपस बसला होता. काम दोन हातांवर चाललं होतं, बाकीचे सहा खुर्चीमागे लोंबत होते. तपासनीसाला आपल्या कचेरीची आठवण झाली.

“बाईंनी स्वतःच्या तोंडाने म्हणायचं,” ऑक्टोपस म्हणाला. “‘मला भूक लागली आहे.’ चार शब्द. संधी तीन.”

“म्हणजे, तशी काही फार नाही...”

ठप्प. शिक्का बसला.

“आई, नीट बोल ना गं!”

“अरे, लोक बघतायत.” मग ती ऑक्टोपसकडे वळली. “तुझं झालं का रे बाळा जेवून?”

ऑक्टोपसचा खरा हात हवेत थांबला. त्याचं झालं नव्हतं. पण नियम तो नियम. ठप्प.

“आई,” बायको हळूच म्हणाली, “घरी नका म्हणू हवं तर. इथे एकदाच म्हणा.”

आईने मान खाली घातली. एखाद्याच्या घरातून वस्तू उचलल्याची कबुली द्यावी, तशी ती बोलली.

“मला भूक लागली आहे.”

थोरली आजीकडे बघतच राहिली. हे वाक्य तिने आजीच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं.

“छान,” ऑक्टोपस म्हणाला. “आता नातेवाइकांनी एकच रकाना भरायचा. यांना काय आवडतं?”

तपासनीसाने पेन काढलं. पेन त्याच्याकडे कायम असे.

“ती सगळं खाते.”

“‘सगळं’ हा पदार्थ आमच्याकडे नाही.”

त्याने बायकोकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघताय? आई तुमची.”

“गोड असेल काहीतरी. बहुतेक.”

“बहुतेक लिहिता येत नाही.”

“आजीला ना,” धाकटा म्हणाला, “आम्हाला जे आवडतं तेच आवडतं.”

आईने बोलायला तोंड उघडलं.

“तुम्ही नाही,” ऑक्टोपस म्हणाला. “अर्ज मंजूर होईपर्यंत तुम्ही अभोजी. अभोजींना आवडनिवड नसते.”

तपासनीसाने पेन कागदावर टेकवलं. उचललं. पुन्हा टेकवलं. रकान्यात तीन ठिपके झाले.

“हा रिकामाच धरावा लागेल,” ऑक्टोपस म्हणाला. “पुढे काय होतं, ते समजावून सांगू?”

“नको,” तपासनीस म्हणाला.

*

चौघांची गोडाची भूक तीन वाजून दहा मिनिटांची नोंदवलेली होती. डायनासोरने त्यांना वेळेवर पुन्हा गिळलं.

तपासनीस काचेजवळच्या खुर्चीत बसला. बाहेर टोकाची बाई इकडेतिकडे बघत पर्समधून बिस्किटाचा पुडा काढत होती. अंड्याने पाठ वळवली. अंड्यालाही आई असावी. पुडा बाकभर हातोहात फिरला. मग टोकाच्या बाईने आईला काहीतरी विचारलं, आणि आई बोलू लागली. एकेक बोट दुमडत. एक हात संपला, तिने दुसरा घेतला. अख्खा बाक तिच्याकडे झुकला होता, कोणी माना डोलावत होतं, कोणी मधेच आपलं सांगत होतं. आई हसत होती.

तपासनीसाने काचेला कान लावला. काच जाड होती.

घरचं जेवणाचं टेबल सहा वर्षांपूर्वी त्यानेच पसंत करून आणलं. त्याला खुर्च्या चार आहेत.