पुंडलीकदादाची शिट्टी

पुंडलीक गावस आमच्या घरात आला की 'कसे आहात' वगैरे विचारत नाही. कमरेला खोचलेला डिस्मीस काढतो. डिस्मीस म्हणजे दीड वीत लांब, लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर. त्याचं टोक आमच्या फ्रिजच्या पाठीला टेकवायचं, मूठ स्वतःच्या कानामागच्या हाडावर दाबायची, डोळे मिटायचे आणि थोड्या वेळानं निकाल द्यायचा, "बेरिंग गेलां." मग तो चहा घेतो.

हा निकाल त्यानं आजवर आमचा मिक्सर, पाण्याचा पंप, माझी स्कूटर आणि शाळेचा टेबलफॅन यांना दिलेला आहे. एकदा गुडघा दुखतो म्हणून मी पाय लांब करून बसलो होतो, तर त्यानं डिस्मीस गुडघ्याला लावला आणि पाय दुमडून उघडून दाखवायला सांगितलं. निकाल तोच. पुढे हाडांच्या डॉक्टरनं फोटो काढून तेच सांगितलं, फक्त इंग्रजीत. यंत्रांचं झालं, माणसांचंही त्याला असंच कळतं. पंचायतीत कुणी काम अडवलं की "त्येचां बेरिंग गेलां" एवढं बोलून तो विषय संपवतो.

मी आमोण्याच्या मराठी प्राथमिक शाळेत मास्तर होतो, आता घरी आहे. पुंडलीकदादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. आमच्या दोन घरांच्या मध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा आहे. त्यांची विहीर आणि धुण्याचा दगड घरामागे, म्हणजे बरोबर माझ्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली. हे लक्षात ठेवा.

दादानं तीस वर्षं बार्जच्या इंजिनरूममध्ये काढली. खनिज माती भरून मांडवीतून खाली जाणारी बार्ज, तिच्या पोटात दोन इंजिनं आणि त्या दोन इंजिनांच्या मध्ये दादा. तिथं माणसं एकमेकांशी हातवाऱ्यांनीच बोलत. कानात घालायचे बोळे मिळाले होते, पण ते त्यानं पेटीत ठेवून दिले. कारण विचारलं तर म्हणायचा, "कान बंद केले तर इंजीन कितें सांगता तां कळतलां कशां?" नुसत्या आवाजावरून कुठलं बेरिंग कधी जाणार हे तो आठ दिवस आधी सांगे. बार्ज चालवणारा तांडेल त्याला विचारल्याशिवाय दोर सोडत नसे. माणसाला एवढा मान मिळाला की तो कान काय, डोळेही देऊन टाकील.

मग खाणी बंद झाल्या, बार्ज धक्क्याला लागली आणि दादा घरी बसला. पहिल्याच दिवशी, सगळीकडे शांत असताना, त्याला शिट्टी ऐकू आली. बारीक, एकसुरी. त्याला वाटलं, शेजारी कुकर लावलाय. तो आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आला आणि आमच्या हिला म्हणाला, "गॅस बंद कर गो, शिट्टी थांबना." गॅस बंदच होता. त्यानं डिस्मीस भिंतीला लावला, खांबाला लावला, शेवटी गडग्यावरच्या चिऱ्याला लावला. शिट्टी सगळीकडे सारखीच येत होती. तेव्हा तो खाली बसला आणि डिस्मीसकडे बघत राहिला. तेवढं एकच बेरिंग त्याला सापडायला उशीर झाला.

"इंजीन बंद, शिट्टी चालू," हे त्याचं तेव्हापासूनचं वाक्य. कसा आहेस विचारा, हेच उत्तर.

पणजीच्या डॉक्टरनं सांगितलं की कानातल्या नसा गेल्या, त्या परत येत नाहीत, आणि शिट्टीबरोबर राहायची सवय करा. दादानं सवय केली ती आवाजाची. आवाजात शिट्टी बुडते. सकाळी तो पिठाच्या गिरणीत जाऊन बसायचा, दळण नसताना. संध्याकाळी देवळात. आमच्या देवळात आरतीला विजेवर चालणारा नगारा आहे, त्याच्या दणक्यानं लहान मुलं रडतात. दादा त्याला पाठ टेकून, डोळे मिटून बसायचा, चेहऱ्यावर अगदी समाधान. भटजींना वाटलं, म्हातारपणी भक्ती वाढली. ते त्याला पहिला प्रसाद देऊ लागले. घरी असला की उशाशी रेडिओ, दोन स्टेशनांच्या मध्ये अडकवलेला. नुसती खरखर. रोज दुपारी ती खरखर माझ्या खोलीत यायची.

आणि त्या खरखरीवरून सुमतीवैनींचा आवाज.

सुमतीवैनी म्हणजे त्याची बायको. लग्न होऊन आली तेव्हा तिचा आवाज शेजारच्या खोलीत जात नसे. लग्नात नाव घ्यायला लावलं तर तिनं इतक्या हळू घेतलं की बायकांनी 'ऐकू आलं नाही, परत घे' म्हणून ओरडा केला. तिनं परत घेतलं नाही. त्यानंतर तिनं नवऱ्याचं नाव कधीच उच्चारलं नाही, आमच्याकडच्या तिच्या वयाच्या बायका उच्चारत नाहीत. 'अवो' म्हणायची. दादाच्या कानातून सगळ्यात आधी बायकांचे बारीक आवाज गेले, आणि त्या 'अवो'ची किंचाळी झाली. त्या घरात खासगी असं काही उरलं नाही. "अवो, पोट साफ जालां?" हे आख्ख्या वाड्याला कळायचं, आणि उत्तरही कळायचं, कारण दादालाही आपला आवाज किती मोठा ते कळत नसे. पावणेरावणे घाबरायचे. नव्यानं राहायला आलेल्या एका बाईनं तर मला विचारलं, तो तिला मारतो का हो?

मी हसलो. पण मलाही त्रास व्हायचा. जेवल्यावर दोन ते चार झोप, हे आम्हा गोंयकारांचं व्रत आहे, त्या वेळी दुकानंही बंद असतात. आणि वैनी नेमकी त्याच वेळी धुण्याच्या दगडावरून 'अवो' करायची. शेवटी मी सावंतवाडीच्या माणसाकडून खिडकीला ॲल्युमिनियमच्या चौकटीची सरकती काच बसवून घेतली. ओढली की बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. मी ती दादाला कौतुकानं दाखवली. त्यानं डिस्मीस लावला, डोळे मिटले. "बरी आसा," म्हणाला.

त्यांची मुलगी नंदा पेडण्यात हळर्ण्याला दिलेली. मागच्या वर्षी तिनं बापासाठी कानाचं मशीन आणलं. बघायला मीही गेलो होतो. मशीन कानात बसलं, आणि तेवढ्यात आतून वैनी नेहमीसारखी ओरडली, "अवो, चाय घेतल्यात?" दादा खुर्चीतच दचकला. नंदाकडे बघून म्हणाला, "हिका कितें जालां? अशी कित्याक आरडता?"

नंदानं आईला हळू बोलून बघायला सांगितलं. वैनीनं प्रयत्न केला. घशातून काहीतरी फाटकं आलं, पण मोठंच आलं. पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "इतकीं वर्सां आरडून गेलीं. आता हळू उलयाक येना माका."

चार दिवसांनी मशीन डबीत गेलं. मी दादाला रागावलो, एवढ्या मायेनं पोरीनं आणलं म्हणून. तो म्हणाला, "मास्तर, ताणां शिट्टी जायना. आणि ती आरडता तां आयकाक येता. माज्यापायीं आरडता. तां आयकासारख्यां ना." मला तेव्हा ते खुळ्यासारखं वाटलं.

आता त्या दुपारबद्दल सांगतो. आमची ही फोंड्याला बहिणीकडे गेली होती. मी जेवून आडवा झालो, उकडत होतं म्हणून काच उघडी ठेवली होती. डोळा लागत होता तेवढ्यात बाहेरून हाक आली. "पुंडलीक!" मग पुन्हा. मग ठण ठण असा भांड्याचा आवाज. मग तिसऱ्यांदा, "पुंडलीक!"

मला वाटलं, त्यांच्याकडे कोणीतरी आलंय. वैनी काही नावानं हाक मारणार नाही. मी उठलो, काच ओढली आणि झोपलो.

असं मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. पण आवाज तिचाच होता. तो आवाज मी रोज ऐकत होतो, तो मला ओळखू आला नाही असं कसं होईल? ओळखू आला होता. नाव ऐकून मी स्वतःची समजूत घातली, कारण मला झोपायचं होतं.

दादा पुढल्या व्हरांड्यात कुणाचा तरी मिक्सर उघडून बसला होता, बाजूला रेडिओ. चार वाजले तरी चहा आला नाही म्हणून तो मागे गेला. धुण्याच्या दगडावरून ती घसरली होती, डोकं आपटलं होतं. माझ्या खिडकीपाशी येऊन त्यानं काचेवर डिस्मीसच्या मुठीनं मारलं. मी जागा होईपर्यंत काचेला तडा गेला होता. वैनी दोन दिवस इस्पितळात होती, पण शुद्धीवर आली नाही. बांबोळीच्या त्या इस्पितळातून तिला परत आणली ती झाकूनच.

तेरावं झाल्यावर दादा घरोघर जाऊ लागला. सगळीकडे एकच प्रश्न. "त्या दिसा तुमकां आयकाक इलां काय?" विहिरीवरची पितळी कळशी त्यानं पाहिली होती. एका बाजूनं काठाला नवे पोचे पडले होते. म्हणजे तिनं ती दगडावर आपटली होती, म्हणजे ती जागी होती, म्हणजे तिनं हाकही मारली असणार. वाड्यात सगळे म्हणाले, नाही बाबा, आम्ही झोपलेलो. खरं असेल किंवा नसेलही. ती रोजच ओरडायची, कोण लक्ष देतो? लोक त्याला टाळू लागले. म्हणाले, म्हातारा आता दोष द्यायला माणूस शोधतोय.

माझ्याकडे तो सगळ्यात शेवटी आला. मी चहा ठेवला. त्यानं फ्रिजकडे बघितलंही नाही.

"मास्तर, हांव दोष देवक येवक ना," तो म्हणाला. "मेली ती मेली. माका इतकांच कळाक जाय, तिणें कितें म्हणान हांक मारल्यान? कोणूय सांगना."

हे सांगायचं तर मी ऐकलं हे सांगावं लागणार. मी चहा ढवळत बसलो. 'नाही' म्हणणं अगदी सोपं होतं, नुसती मान हलवली असती तरी त्याला कळलं असतं. त्याच्याकडे बघितलं तर त्यानं डिस्मीस काढून टोक धोतराच्या सोग्यानं पुसलं होतं. मग ते त्यानं माझ्या गळ्याखालच्या हाडाला हलकेच टेकवलं आणि मूठ कानामागे लावली. या वेळी डोळे मिटले नाहीत. माझ्या ओठांकडे बघत राहिला.

"पुंडलीक," मी म्हटलं.

त्याला वाटलं, मी त्यालाच हाक मारतोय. "हां, सांगा."

"पुंडलीक म्हणाली. तीन वेळा."

त्यानं ते मला परत म्हणायला लावलं. मी म्हटलं. तो तसाच वाकून राहिला, डिस्मीसची मूठ दाबून. मग त्यानं तो काढला.

"नांव घेतल्यान," तो म्हणाला. "लग्नात घेतिल्लां तेन्ना हळू घेतिल्लां. बायलांक कोणाक आयकाक येवक ना. माका इलां. हांव बाजूकच आशिल्लंय." मग डिस्मीस हातात फिरवत, "आता मोठ्यान घेतल्यान."

मला रडू आलं. तो रडत नव्हता. उठून दाराशी गेला. तिथंच थांबून त्यानं माझ्या खोलीच्या दिशेनं, तडा गेलेल्या काचेकडे बघितलं आणि विचारलं, "आणि तुमी?"

मी उत्तर दिलं, पण ते त्याला पोचलं नाही. मग मी जवळ गेलो, त्याचा हात धरला आणि डिस्मीसचं टोक स्वतःच माझ्या गळ्याखाली लावलं. "मी खिडकी ओढून घेतली, दादा. ऐकलं आणि ओढून घेतली."

मला वाटलं, आता शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

"ती आरडायचीच," शेवटी तो म्हणाला. "तुमकां तरी कितें कळतलां? माज्यापायीं आरडायची." आणि गडगा ओलांडून घरी गेला. चहा तसाच राहिला.

ती काच मी काढून टाकली. सावंतवाडीवाला म्हणाला, तडा गेलाय तर दुसरी बसवून देतो, मी नको म्हटलं. आता दुपारी दादाच्या रेडिओची खरखर सरळ माझ्या खोलीत येते. मी झोपत नाही, पडून ऐकत असतो. खरखर थांबली की उठतो आणि त्याला बघून येतो.