एकशेवीस पुंगळ्यांची अंघोळ

पितळ चकाकवण्यात मोंटानाच्या या खोऱ्यात माझा हात धरणारा माणूस नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकिकत वाचल्यावर तुम्ही ते मान्य करणार नाही.

मी मूळचा कॅलिफोर्नियाचा. इथे येऊन सतरा वर्षं झाली, इथल्या मुलीशी लग्न केलं, इथली थंडी हाडांत मुरली. पण लोकांच्या लेखी मी कालच्या बसनं आलेला पाहुणा. सासरे डेलमार मला 'जावईबापू' म्हणतात, तेही सुपारी न देता नुसता अडकित्ता वाजवावा तसं. त्यांचे शेजारी आणि शिकारीतले जोडीदार हॉगन तर सरळ 'कॅलिफोर्निया' म्हणूनच हाक मारतात.

दर ऑक्टोबरात एल्कच्या, म्हणजे इथल्या थोराड सांबरांच्या, शिकारीसाठी डोंगरात तळ पडतो. डेलमार, हॉगन आणि माझा मेव्हणा लाइल बंदुका घेऊन रानात जातात, आणि मी ओढ्यावर बसून पातेली घासतो. नऊ वर्षं घासतोय. ओढ्यातले मासेसुद्धा आता मला ओळखतात.

यंदा मात्र रविवारच्या जेवणानंतर डेलमारनी दात कोरत माझ्यासमोर एक बादली ठेवली.

"जावईबापू, यंदा पुंगळ्या तू साफ कर. नीट केल्यास तर तुझ्या हातात घासणी नाही, बंदूक देईन."

बादलीत काडतुसांच्या एकशेवीस रिकाम्या पितळी पुंगळ्या होत्या. आमच्याकडे बार उडाला की पुंगळी कुणी फेकत नाही. घासायची, पुन्हा भरायची. भरण्याचं काम डेलमारचं, तिघांसाठी, त्यांच्या गॅरेजात. तिघांचं माप एकच, बादली एकच. ओळख तेवढी बुडावर मार्करनं रंगवलेली. लाल डेलमारची, निळी हॉगनची, हिरवी लाइलची. आणि ती ओळख लागतेच. बार उडताना पुंगळी फुगते, ज्या बंदुकीच्या कुशीत असेल तिचा आकार घेते. भरताना डेलमार तिचं नुसतं तोंड आवळतात, अंगाला हात लावत नाहीत. मग ती परक्या बंदुकीत गेली, की उंबऱ्यावर अडलेल्या नवरीसारखी हटून बसते.

"चकचकीत करू नकोस," डेलमार म्हणाले. "एल्कला त्यात तोंड बघायचं नसतं."

त्यांची पद्धत आजोबांच्या काळातली: अक्रोडाच्या कवचाचा भुसा आणि थरथरणारं भांडं. दिवसभर थरथरून पुंगळ्या बाहेर येतात त्या बेंदराच्या दुसऱ्या दिवशीच्या बैलासारख्या, धुळकट नि थकलेल्या. मी मात्र खास गरगरणारं पिंप मागवलं होतं. त्यात पाणी, सुईसारख्या बारीक पोलादी काड्या, भांड्यांचा साबण आणि चिमूटभर लिंबूसत्त्व. सोमवारी तीन तास फिरवलं, झाकण उघडलं आणि डोळे निवले. नवरीच्या गळ्यातल्या पुतळ्या शोभाव्यात तशा एकशेवीस पुंगळ्या! बायकोच्या, म्हणजे मार्लिसच्या, केकच्या ताटल्यांत त्या मांडून मंद भट्टीत वाळवल्या आणि तिची वाट बघत बसलो.

मार्लिस आली. आधी ताटल्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग एक पुंगळी उचलून उलटी केली. दुसरी केली. तिसरी केली.

"छान आहेत," ती म्हणाली. "यातल्या बाबांच्या कुठल्या?"

मीही एकेक उलटी करत सुटलो. एकशेवीस बुडं लखलखत होती. लाल नाही, निळा नाही, हिरवा नाही. भुशानं तीस वर्षांत जो रंग गेला नाही, तो माझ्या लिंबूसत्त्वानं तीन तासांत धुऊन नेला होता.

"शनिवारी तळावर निघायचंय," मी म्हणालो.

"मग पातेलीच घास. हात बसलाय तुझा." जरा वेळानं तिला दया आली. "रिकामी पुंगळी बंदुकीत घालून खटका लावून बघायचा. अडली तर परकी. पण त्याला तिघांच्याही बंदुका लागतील."

"त्या मागायच्या कशा?"

"घासताना मला विचारलं होतंस?"

मंगळवारी मी हॉगनकडे गेलो. म्हटलं, तुमच्या बंदुकीला तेल देऊन आणतो.

"कॅलिफोर्निया, माझ्या बंदुकीला माझ्या बायकोनं कधी हात लावला नाही."

"शिकायचंय हो मला."

शिकायचंय म्हटलं की म्हातारा विरघळतो. बंदूक दिली, पण माझी गाडी वळेपर्यंत दारात उभे राहिले, लेक सासरी धाडल्यासारखे. लाइलला म्हटलं, बंदुकीचा फोटो काढायचाय. "दाजी, तिचाच? माझा नको?" एवढं बोलून त्यानंही दिली. आणि मार्लिसनं बापाला सांगितलं, वाढदिवसाला चामड्याची पिशवी शिवायचीय, माप हवंय.

तीन बंदुका, तीन थापा. बुधवारी सकाळी चारा-पेंडीच्या दुकानात तिघे एकमेकांना भेटले.

"माझी बंदूक त्याच्याकडे आहे."

"माझीपण."

"माझीसुद्धा."

बस्स. दुपारपर्यंत खोरंभर झालं, की कॅलिफोर्नियावाला लोकांच्या बंदुका गोळा करतोय. सरकारला पन्नास वर्षांत जे जमलं नाही, ते यानं गोड बोलून दीड दिवसात केलं. मला बघून पोस्टातल्या बाईनं खिडकी ओढून घेतली. पेट्रोल भरणारा हळूच म्हणाला, "आमच्या रस्त्याचा नंबर कधी लागणार? आधी कळलं तर बरं."

मी घाईनं घरी आलो. टेबलावर तिन्ही बंदुका मांडल्या, रिकाम्या असल्याची दोनदा खात्री केली, मोजणीला कागद घेतला, आणि दारात तिघे उभे.

"बघ डेलमार," हॉगन म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं? यादीपण करतोय."

मग मी सगळं सांगितलं. पिंप, काड्या, लिंबूसत्त्व.  डेलमारनी खुर्ची ओढली आणि आपली बंदूक हातात घेतली.

"सरक. ही काडीसुद्धा परकी घेत नाही. अख्ख्या खोऱ्यात इतकी घट्ट कूस दुसरी नाही. चाळीस माझ्या निघतील, बाकीच्या अडतील."

पहिली पुंगळी सुरकन गेली. दुसरी गेली. चाळिसावी गेली. मग एकेचाळिसावी गेली. डेलमारनी चष्मा पुसला. साठावी गेली, शंभरावी गेली, एकशेविसावी तर दारात चप्पल काढून आत शिरावी तशी गेली.

हॉगनच्या बंदुकीत चाळीस अडल्या, त्या डेलमारच्या. आणि लाइलनं सेलमध्ये, गाडीच्या टायरांबरोबर घेतलेल्या बंदुकीत ऐंशी अडल्या, त्याच्या स्वतःच्या चाळीस तेवढ्या बसल्या. तीन स्वच्छ ढीग झाले. काम झालं होतं माझं, पण ढिगांकडे बघत कोण होतं?

"म्हणजे सगळ्यांत घट्ट माझी," लाइल म्हणाला.

"डेलमार," हॉगन म्हणाले, "तुझ्या बंदुकीत माझा अंगठा पण बसेल."

डेलमारनी खुर्ची मागे सारली. हॉगननी टोपी डोळ्यांवर ओढली, लाइल ताटल्या मोजायला लागला. निघताना सासऱ्यांनी मला अंगणात बाजूला घेतलं.

"हे कुणाला सांगणार आहेस?"

"मी? माझ्याशी बोलतं कोण, डेलमार?"

"तरीपण." त्यांनी डोंगराकडे बोट केलं. "यंदा पातेली लाइल घासेल. तुला बंदूक देतो. आणि जागाही देतो, खास."

शनिवारी ते स्वतः मला जागेवर सोडून गेले. तळापासून अडीच तास वर, टेकडीमागे, जिथून हाक मारली तर आपल्यालाच ऐकू येते. वर बर्फ, खाली पाइनची झाडं, मांडीवर बंदूक. नऊ वर्षं याचसाठी घासली होती.

चार दिवस बसलो. चौथ्या दिवशी झुडपं हलली. मी श्वास रोखला, बंदूक खांद्याला लावली. बाहेर आली ती कुणाची तरी कळपातून चुकलेली काळी गाय. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं. मग ती शेजारी येऊन बसली, आणि संध्याकाळपर्यंत मी तिला सगळं सांगितलं.