सरासरीने मऊ गाणं

परीक्षक व्हायला त्या विषयातलं काही कळावंच लागतं असं नाही, हे जगाने केव्हाच मान्य केलं आहे. त्यामुळे सांख्यिकी कार्यालयातल्या एका कारकुनाने वाचनालयातल्या गाण्यांचा परीक्षक व्हायचं ठरवलं, तेव्हा कोणी हरकत घेतली नाही. (बायकोने घेतली होती; पण तिची हरकत नोंदवून घ्यायची पद्धत त्या घरात नव्हती.) ऑफिसात त्यांना सगळे सरासरीराव म्हणत. हे कौतुकाने म्हणतात, असा त्यांचा प्रामाणिक समज होता.

झालं असं, की आवाज, गजबज, भगभगीत दिवे सोसत नाहीत अशा मुलांसाठी ग्रंथपाल बाईंनी गाण्यांची एक संध्याकाळ ठेवली. पंखे बंद, दिवे मंद, गाणी मऊ. टाळ्यांना बंदी. आवडलं तर दोन्ही हात वर करून हलवायचे. त्रास झाला तर एक हात वर करायचा, म्हणजे गाणारा थांबेल. गाणी निवडणार कोण, एवढंच ठरायचं होतं.

"मी निवडतो," सरासरीराव म्हणाले. "माझ्या मुलीचे कान तसेच आहेत. घरचा अनुभव आहे."

अनुभव घरचा होता हे खरं, फक्त तो बायकोचा होता. मिक्सर लावण्याआधी लेकीला गच्चीत पाठवायचं, शेजारी ड्रिल सुरू झालं की तिला पोटाशी धरून बसायचं, हे सगळं ती करायची. सरासरीराव तेव्हा ऑफिसात सरासरी काढत असत.

पण एक गोष्ट त्यांना खरोखर लागून राहिली होती. लेक नऊ वर्षांची झाली, तरी बापाचं एकही गाणं तिने पुरतं ऐकलं नव्हतं. यांनी तोंड उघडलं की तिचे हात कानांवर. तरुणपणी त्यांनी चांदण्यावर एक गाणं रचलं होतं. (चांदण्याने कधी तक्रार केली नाही.) ते लेकीने एकदा तरी शेवटपर्यंत ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा होती. आता परीक्षक आपणच, मग अडचण कसली?

निवड मात्र शास्त्रशुद्ध हवी. त्यांनी मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेतलं आणि प्रत्येक गाण्याची सरासरी काढली. बालवाडीच्या बाईंचं संथ गुणगुणणं बाद झालं, कारण ते एकसारखं चालायचं आणि सरासरी चढायची. स्वतःच्या गाण्यात मात्र प्रत्येक कडव्यानंतर बराच वेळ काहीच नव्हतं. (कवीला पुढचं सुचलं नव्हतं.) मग एकदम तान. समोरच्या इमारतीतले लोक खिडक्या लावून घेत, अशी. पण सरासरी? सगळ्यांत कमी!

"अहो, पण ती मधली किंकाळी?" बायकोने विचारलं.

"किंकाळी नाही. तान आहे ती."

"असेल. पोरगी दचकेल ना!"

"सरासरीत विरघळते ती."

"तिला सरासरी ऐकू येत नाही हो, तान येते. तिलाच विचारा ना एकदा."

"तिला काय विचारायचं? ती श्रोता आहे. परीक्षक मी आहे!"

बायकोने हात टेकले.

कार्यक्रमात पहिली गाणी छान झाली. लेक पुढच्या रांगेत हात मांडीवर ठेवून ऐकत होती. ते बघून सरासरीरावांचा ऊर भरून आला आणि ते माइकपुढे उभे राहिले. पहिलं कडवं मऊ. मग शांतता. मग तान.

लेकीने एक हात वर केला. पण मोठे गायक डोळे मिटून गातात, हे सरासरीरावांनी ऐकलेलं होतं. दुसऱ्या तानेनंतर त्यांनी डोळे उघडले, तर लेक उभी राहून दोन्ही हात हलवतेय! तिच्यामागे सगळी मुलं, त्यांच्या आया, कपाटापाशी खुद्द ग्रंथपाल बाई, सगळ्यांचे दोन्ही हात वर. एवढी दाद! सरासरीरावांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी गाणं पहिल्यापासून सुरू केलं.

ओरडायला तर तिथे बंदी. ग्रंथपाल बाई चवड्यांवर चालत आल्या आणि त्यांनी माइक बंद केला. आपला नैसर्गिक आवाज ऐकायची यांची इच्छा दिसते, असं समजून सरासरीरावांनी तो मोकळा सोडला.

गाणं संपलं तेव्हा दारात फक्त बायको आणि कान झाकलेली लेक उरली होती.

"बाळा, दोन्ही हात वर केलेस ना गं?" घरी जाताना त्यांनी आशेने विचारलं.

"आधी एक केला होता, बाबा. तू थांबलाच नाहीस. मग दुसरापण केला."

सरासरीराव रस्त्यातच थांबले. "दुखलं का गं खूप?"

"हो."

"चुकलं माझं," ते म्हणाले, आणि या वेळी ते अगदी मनापासून म्हणाले.

"पण मधला भाग छान होता," लेक समजुतीने म्हणाली. "तू काहीच गात नाहीस, तो."

पुढच्या खेपेला ग्रंथपाल बाईंनी लेकीला परीक्षक केलं. तिने बालवाडीच्या बाईंचं गाणं निवडलं आणि बापाचंही. अट एकच, फक्त तो मधला भाग. सरासरीराव माइकपुढे तोंड मिटून उभे राहिले. सगळ्यांचे दोन्ही हात वर गेले, आणि या वेळची दाद खरी होती. लेकीने कानांना हात न लावता बापाला शेवटपर्यंत ऐकलं.

बायकोला तर ते गाणं इतकं आवडलं, की हेच घरी रोज म्हणत जा, असं तिने सांगितलं.