बाजरीच्या डब्यातला फोन

मनात आणलं तर मी काहीही सोडू शकतो! मोबाइल तर किस झाड की पत्ती!

हे मी शनिवारी बायकोला ऐकवलं. सिल्वासात एका धाग्याच्या कंपनीत मी सुपरवायझर. कंपनीचे ग्रुप, गाववाल्यांचे ग्रुप, वर रील्सची हौस. घास तोंडात आणि डोळे फोनमध्ये! शेवटी रोहिणीनं बजावलं, "उद्या सुट्टीलाही फोन हातात दिसला, तर मी माहेरी शिरपूरला निघाले म्हणून समजा."

"उद्या फोन बाजरीच्या डब्यात! आपण दुधनीच्या जलाशयावर जाऊ, होडीत बसू!"

सकाळी शब्द पाळला. फक्त डब्यात टाकण्याआधी गुपचूप एक स्टेटस ठेवलं. एवढा त्याग करायचा आणि कुणाला कळायचाही नाही? लिहिलं, 'सगळं सोडलं. आता फक्त शांती. मला शोधू नका.' मागे मावळता सूर्य. मग फोन बंद!

रोहिणी नवी साडी नेसली, भरीत-भाकरी बांधली. आम्ही कुलूप लावणार, तोच दारात दोन रिक्षा थांबल्या. आमच्या आमली भागातले निम्मे खानदेशी उतरले! पुढे माझा ऑपरेटर पप्पू, घामाघूम.

"भाऊ, तुम्ही आठेच शेतस? आम्ही तुमले नदीवर धुंडी उनूत!" मी घरात, आणि हे मला नदीवर शोधून आलेले!

शेजारच्या मंगलाकाकूंनी थेट रोहिणीला मिठी मारली. "रडू नको बेटा, साधू झालेली माणसंबी परत येतात!"

"कोण साधू झालं?"

तेवढ्यात मॅनेजरसाहेबांची गाडी आली. "संन्यास लेना है तो लो, पहले एक महीने का नोटिस दो!"

रोहिणीनं पप्पूच्या फोनवर स्टेटस वाचलं. "अहो, फोन बंद करायला सांगितलं होतं, जाहिरात द्यायला नव्हे!"

आलेल्यांना उपाशी कसं पाठवणार? भरीत संपलं, चहा झाला, दुधनी राहिली. सगळे गेल्यावर ती नव्या साडीतच भांडी घासायला बसली. मला फार वाईट वाटलं.

"बागेत तरी जाऊ या?"

ती जरा हसली. "चला. आधी माहेरी कळवते, तिथंही स्टेटस वाचलं असेल." तिनं डब्यातून माझा फोन काढला, सुरू केला. कळलं, स्टेटस वाचून तिचा भाऊ शिरपूरहून गाडी घेऊन कधीचाच निघालाय! हे घरीच आहेत, असं तिनं त्याला सांगितलं आणि फोन परत डब्यात ठेवायला निघाली. तेवढ्यात माझ्या तोंडून निसटलं,

"रोहिणी, ठेवता ठेवता बघ ना... किती जणांनी पाहिलं?"

संध्याकाळी भाऊ पोचला. गाडी रिकामी कशाला पाठवायची, म्हणून रोहिणी तिच्यातूनच माहेरी गेली. गुरुवारी येते म्हणालीय. तोवर घरात फक्त शांती!