मालकाच्या घरचं बाळंतपण

एका जंगलात, बाळांनो, मधाचा एक कारखाना होता. मालक होते भालोजीराव अस्वल. त्यांच्याकडे साळूबाई नावाची साळिंदरीण कामाला होती. अंगावरच्या काट्यांनी पोळ्याला भोकं पाडायची, म्हणजे मध आपोआप खाली ओघळतो, हे तिचं काम. तिच्याइतकं बारीक भोक दुसऱ्या कुणाला जमत नसे.

त्या जंगलात कायदाही होता बरं का! कारखान्यासमोरच्या सागाच्या खोडावर तो कोरलेला होता. 'बाळंत होणाऱ्या प्रत्येक कामगारणीला भरपगारी रजा मिळेल.' पण भालोजीरावांना रोज सकाळी त्याच खोडावर पाठ घासायची सवय होती. घासून घासून आता त्यातला 'प्रत्येक' एवढाच शब्द शिल्लक होता.

साळूबाईला दिवस गेले. पोट जमिनीला टेकायला लागलं, तशी ती मालकांपुढे उभी राहिली.

"मालक, मला बाळंतपणाची पगारी रजा हवी. तसा कायदा आहे म्हणतात."

भालोजीरावांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "कायदा परक्यांसाठी असतो गं साळू. आपण सगळे एका घरातले. तू तर मला लेकीसारखी! लेक कधी बापाकडे रजा मागते का? दोन पोळ्यांच्या मधे घे उरकून."

साळूबाईचं मन भरून आलं. बिचारीला आईबाप नव्हते. पहिलं बाळंतपण कुठे करायचं, या काळजीने तिला अन्न गोड लागत नव्हतं. आता प्रश्नच मिटला. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं असतं, नाही का?

दुसऱ्या दिवशी ती गाठोडं घेऊन भालोजीरावांच्या गुहेत हजर.

"आई, मी आले," ती अस्वलीणबाईंना म्हणाली. "बाबा मला लेक म्हणाले."

अस्वलीणबाईंनी कमरेवर हात ठेवले. "अहो! हिला लेक म्हणालात?"

"म्हणालो खरा. पण ती आपली बोलायची पद्धत असते."

"आपल्याकडे लेक बोलायची पद्धत नाही. लेकीचं करायची पद्धत आहे. उठा त्या गादीवरून, आणि बाभळीवर चढून डिंक काढून आणा. लाडू करायचेत."

भालोजीराव बाभळीवर चढले. शेगडीसाठी लाकडं फोडली. पाठोपाठ साळूबाईचे यजमान जावईबापू म्हणून आले. मध पातळ आहे म्हणून जेवणावर रुसून बसले. भालोजीरावांनी हाताला धरून त्यांना पाटावर बसवलं. हाताला काय काय टोचलं, ते विचारू नका.

साळूबाई सुखरूप बाळंत झाली. तीन पिल्लं! साळिंदराच्या पिल्लांचे काटे जन्मतः मऊ असतात, बाळांनो. बारशापर्यंत मात्र चांगले टणक होतात.

बारशाला अस्वलीणबाईंनी तिन्ही नातवंडं आजोबांच्या मांडीवर दिली. आजोबांना नेमकी शिंक आली. पिल्लं दचकली. दचकल्यावर साळिंदर काय करतं? अंग फुलवतं.

"आई गं!" भालोजीराव ओरडले. "ही माझी लेक नाही! ही माझी कामगार आहे, कामगार!"

"कामगार?" अस्वलीणबाई म्हणाल्या. "मग तिची भरपगारी रजा कुठाय?"

"दिली! पहिल्या दिवसापासून दिली! आधी हे काटे काढा!"

साळूबाई रडवेली झाली. "बाबा, माझं काही चुकलं का?"

"बाबा म्हणू नकोस! मालक म्हण!"

दुसऱ्याच दिवशी भालोजीरावांनी सागावरचा कायदा स्वतःच्या नखांनी पुन्हा कोरला. चांगला खोल कोरला. पाठ घासायला ते आता लांबच्या वारुळावर जातात. नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी बजावतात, "इथे कुणी कुणाचं लागत नाही. रजा घ्यायची आणि आपापल्या घरी जायचं."

कामगार आपसात हळहळतात. "पूर्वी किती मायेने बोलायचे! आता नुसते हक्क देतात."

तात्पर्य : मालक प्रेमाने लेक म्हणाला, तर कायदा ऐकवून त्याचं मन दुखवू नये. गाठोडं बांधून त्याच्या घरी जावं. जाताना जावयाला सांगायला विसरू नये.