गेनसाईची आई माणूस होती

बाळांनो, सूर्य जिथं आपल्या आधी उठतो, त्या पूर्वेकडच्या एका बेटावर एक जंगल होतं. तिथं अस्वलाचं राज्य होतं. अस्वलमहाराजांच्या दरबारात गेनसाई नावाचा म्हातारा कोल्हा राजज्योतिषी होता.

गेनसाईला मंत्रबिंत्र काही येत नव्हते. तो रोज सकाळी लंगडत नदीवर जाई. पाणी कुठल्या दगडापर्यंत आलंय, मुंग्या कुठं निघाल्यात, डोंगरावर बर्फ किती उरलंय, ते पाही. मग दरबारात येऊन सांगे, "महाराज, परवा वादळ आहे." आणि परवा वादळ येई.

आता नुसतं बघून कळतं, हे लोकांना कसं पटावं? डोळे तर सगळ्यांनाच होते.

मग कुणी म्हणालं, त्याच्याकडे बारा अदृश्य नोकर आहेत, ते आकाशातल्या बातम्या आणतात. एका माकडिणीनं तर शपथेवर सांगितलं, की त्याची आई कोल्हीण नव्हेच. ती माणूस होती! जंगलात माणसाइतकं मायावी दुसरं कोण?

गेनसाईनं नाही नाही म्हणून पाहिलं. "किती ही नम्रता!" लोक म्हणाले. शेवटी माकडप्रधानानं त्याला बाजूला घेतलं. "ज्योतिषीबुवा, कशाला खोडून काढता? आपल्या खात्याचं वजन वाढतंय."

गेनसाई गप्प बसला. खरं सांगायचं तर त्याला थोडं बरंही वाटलं.

त्याच्या आईला मात्र मुळीच बरं वाटलं नाही. तिचं नाव किनू. ती नदीकाठच्या सखल वस्तीत, एका बिळात राहायची.

"मी माणूस?" ती म्हणाली. "अरे, असं काय वाईट केलं मी कुणाचं?"

"लोक बोलतात, आई. चार दिवसांनी विसरतील."

लोक विसरत नसतात, बाळांनो. कंटाळा आला की भर घालतात.

एका वर्षी वसंतातच ऊन कडक तापलं. आठवड्यात डोंगरावरचं बर्फ निम्म्यावर आलं. एके सकाळी गेनसाई नदीवर गेला, तर पाण्यावर एकही दगड दिसत नव्हता. मुंग्या तोंडात अंडी धरून टेकडी चढत होत्या.

तो दरबारात धावला. अस्वलमहाराजांची हिवाळ्याची झोप अजून आवरायची होती. त्यांना उठवायचं तर प्रधानांकडे अर्ज द्यायचा, आणि प्रधान जर्दाळू खायला गावाबाहेर. गेनसाईनं वाट पाहिली नाही. तो तसाच सखल वस्तीत गेला.

"उठा! संध्याकाळपर्यंत पूर येतोय. टेकडीवर चला!"

तोकुबेई नावाचा जाडजूड ससा वस्तीचा पुढारी होता. "कोण म्हणतं?" त्यानं विचारलं.

"मी. राजज्योतिषी गेनसाई."

सगळी वस्ती हसली. "गेनसाई लंगडत कशाला येईल? बारा नोकर त्याला पालखीतून आणतील. आणि पूर आलाच तर हातांनी थोपवतील. आम्ही निर्धास्त आहोत!"

"बारा नाहीत. एकही नाही. माझं पाणीसुद्धा मीच भरतो."

"बघा, बघा! हा गेनसाईची बदनामी करतोय!"

गलका ऐकून किनू बिळाबाहेर आली. "अरे, हाच गेनसाई," ती म्हणाली. "माझा मुलगा. त्या बांबूच्या बनात जन्मला. पंधरा दिवस डोळे उघडले नव्हते यानं."

तोकुबेईनं टाळीच वाजवली. "ऐकलंत? याची आई कोल्हीण! म्हणजे हा गेनसाई नव्हेच!"

दोघातिघांनी दगड उचलले. गेनसाईनं नदीकडे पाहिलं. पाणी लालसर झालं होतं. जवळचं होतं नव्हतं ते सगळं खरं सांगून संपलं होतं.

किनूनं मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग वाळूत खेळणाऱ्या सशाच्या पिल्लांकडे पाहिलं. तिनं एका बांबूला पंजे टेकले. पाठीचा कणा कडकड वाजला. ती दोन पायांवर उभी राहिली.

"मूर्खांनो!" ती गरजली. "कोल्हिणीचं सोंग घेऊन तुमची परीक्षा पाहत होते. मी माणूस आहे. आणि माझा लेक सांगतोय, उठा!"

तोकुबेईनं लोटांगण घातलं. "आईसाहेब! आधी नाही का सांगायचं?"

तासाभरात वस्ती रिकामी झाली. किनूही टेकडी चढली, दोन पायांवर, झोकांड्या खात. गेनसाई आधार द्यायला गेला, तर तिनं त्याला ढकललं. "लोक बघताहेत."

दिवस मावळता मावळता पूर आला आणि सारी वस्ती घेऊन गेला. जीव मात्र एकाचाही गेला नाही. बारा नोकरांनी पाणी रोखून धरलं म्हणूनच आपण वाचलो, असं सगळ्यांचं मत पडलं. तीन सशांनी तर त्यांचे ओले पाय पाहिले होते.

वस्तीनं टेकडीवर किनूसाठी घर बांधलं. बीळ नव्हे, माणसाला शोभेल असं, दाराचं. दर्शनाला रोज रांग लागू लागली.

एकदा रांग संपल्यावर गेनसाई आत गेला. "आई, सगळे गेले. आता तरी चार पायांवर बस ना."

"दाराच्या फटीतून बघतात रे," किनू म्हणाली. तिनं एक पाय उचलला, गुडघा चोळला, परत खाली ठेवला, आणि भिंतीला टेकून उभीच राहिली.

तात्पर्य : सत्याचा नेहमी विजय होतो. मात्र सत्य सांगायला जाताना, वेळेवर खोटं बोलेल असं एखादं प्रामाणिक माणूस सोबत न्यावं. माणूस न मिळाल्यास कोल्हीण चालेल.